ब्लड बाऊलमधील फाऊल: आठ महिने खेळल्यानंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये पाऊस लागला आणि फोंड्याजवळच्या आमच्या गावचे मैदान नेहमीप्रमाणे चिखलात गेले, तेव्हा मी आणि माझ्या मावसभावाने ब्लड बाऊल या मूर्ती आणि फासे घेऊन पटावर खेळायच्या खेळाचा २०२० साली आलेला ‘सेकंड सीझन’ संच उघडला. तेव्हापासून आम्ही सत्तावीस सामने खेळलो. त्यांपैकी पहिले दहा मी बहुतेक एकाच कारणाने हरलो: खाली पडलेल्या माझ्या खेळाडूंना तो लाथा घालत असे आणि त्याला उत्तर काय द्यावे हे मला कळत नव्हते.

गेम्स वर्कशॉपने हा खेळ प्रथम १९८६ मध्ये काढला. ‘फॅन्टसी फुटबॉल’ म्हटल्यावर गोव्यातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर जो खेळ येईल तो हा नव्हे. चेंडू हातात घेऊन धावायचे असते आणि धक्काबुक्की हा खेळाचाच भाग आहे. मैदान २६ बाय १५ चौकोनांचे, खेळाडू अकरा-अकरा, आणि प्रत्येक अर्ध्यात दर संघाला आठ पाळ्या. संचातील इम्पीरियल नोबिलिटी हा संघ मी घेतला, ब्लॅक ऑर्क त्याने. मूर्ती सुरेख आहेत. मैदानाचा पुठ्ठा मात्र आमच्या दमट हवेत कडांना उचलला गेला आणि आता तो जाड पुस्तकांखाली ठेवावा लागतो.

फाऊल, म्हणजे ही लाथ, प्रत्येक पाळीत एकदाच मारता येते आणि ती पडलेल्या खेळाडूलाच मारायची असते. दोन फाशांची बेरीज त्याच्या चिलखताच्या आकड्याइतकी किंवा अधिक आली की चिलखत फुटते आणि मग दुखापतीचे फासे पडतात. दोन्हींपैकी कोणत्याही फेकीत जोडी आली, म्हणजे दोन्ही फाशांवर सारखाच आकडा आला, की पंच लाथ मारणाऱ्याला बाहेर काढतो आणि पाळीही तिथेच संपते. माझ्या नोबल ब्लिट्झरची, म्हणजे संघातल्या महागड्या हल्लेखोराची, किंमत १,०५,००० सुवर्णनाणी आणि चिलखत ९ आहे. त्याच्या संघातल्या गॉब्लिन या स्वस्त खेळाडूची किंमत ४५,०००. गॉब्लिन बाहेर गेला तरी हा व्यवहार त्याला परवडत होता, आणि हे त्याने माझ्या कितीतरी आधी ओळखले होते. चौथ्या सामन्यात माझा ब्लिट्झर असाच मेला तेव्हा मी रागावलो. लहानपणी मैदानावर पडलेल्या मुलाला लाथ मारणाऱ्याला आम्ही पुन्हा खेळायला घेत नसू. तो शांतपणे म्हणाला, “दादा, नियमात बसतं ते मी करणार.” त्याचे बरोबर होते, हे मान्य करायला मला काही आठवडे लागले.

त्यानंतर मी आकडेमोड करायला बसलो. ९ चिलखताच्या खेळाडूवर कोणाच्याही मदतीविना लाथ मारली, तर चिलखत फुटण्याची शक्यता सुमारे २८ टक्के असते. शेजारी उभ्या असलेल्या दोन मोकळ्या, म्हणजे प्रतिपक्षाने न अडवलेल्या, साथीदारांची मदत मिळाली की तीच शक्यता ५८ टक्क्यांवर जाते. मात्र बचाव करणाऱ्यालाही तीच सोय आहे: लाथ मारणाऱ्याच्या शेजारी माझा मोकळा खेळाडू उभा असेल तर बेरजेतून एक वजा होतो, आणि त्याच्या मदतनिसाला माझ्या एखाद्या खेळाडूने अडवून धरले तर ती मदत मोजलीच जात नाही. मदतनीस दोघेही अडले आणि माझे दोन मोकळे खेळाडू लाथ मारणाऱ्याला भिडून उभे राहिले, तर त्याला ११ किंवा १२ टाकावे लागतात, म्हणजे जेमतेम ८ टक्के. मार खाल्लेला खेळाडू बधिर होऊन पालथा पडला असेल तर तो माझ्या पुढच्या पाळीत उठू शकत नाही. ती पाळी मी आता सर्वप्रथम त्याच्याभोवती माणसे उभी करण्यासाठी वापरतो, चेंडूचे नंतर पाहतो. उठू शकत असेल तर तीन चौकोनांची चाल खर्चूनही त्याला उठवतो आणि गर्दीतून बाहेर काढतो.

याला मर्यादा आहेत. पाडणे आणि लाथ मारणे त्याने एकाच पाळीत केले, तर मधे मला काहीच करता येत नाही. म्हणून ब्लिट्झर त्याच्या तीन-चार खेळाडूंच्या आवाक्यात एकटा उभा राहणार नाही, हे आधीच पाहावे लागते. अपोथेकरी, म्हणजे संघाचा वैद्य, ५०,०००ला मिळतो आणि सामन्यात एकदाच कामी येतो. तो मी लाइनमनवर, म्हणजे साध्या खेळाडूवर, कधीही खर्च करत नाही. आणि गॉब्लिन बाहेर गेला की मी सूड घेण्यापेक्षा मैदानाची त्याची कमजोर झालेली बाजू शोधतो. माझे सर्वांत अधिक टचडाउन, म्हणजे गोल, तिथूनच आले आहेत.

फाशांबाबत मात्र आम्ही कडक झालो. तबकाबाहेर गेलेला किंवा तिरपा राहिलेला फासा पुन्हा टाकायचा, आणि मदतनीस फेकीपूर्वी मोठ्याने मोजायचे. नियमातला फाऊल मी सहन करतो. फेकीनंतर एक मदतनीस वाढवणे ही लबाडी होय आणि ती पुस्तकातल्या कोणत्याही नियमात बसत नाही.

आता त्याने गॉब्लिनांचा पूर्ण संघ मागवला आहे. पंचाला द्यायची लाच बहुतेक संघांना एक लाखाला पडते, गॉब्लिनांसारख्या काही संघांना ५०,०००ला, आणि तिच्या फेकीत एक आला नाही तर बाहेर काढलेला खेळाडू मैदानावरच राहतो. मी दोन राखीव लाइनमन घेऊन ठेवले आहेत.