स्टिकरखाली १०/१००

गेल्या महिन्यात घरी ३०० एमबीपीएसचं फायबर घेतलं आणि राउटरसाठी सांगलीत मारुती रोडवरच्या एका दुकानात गेलो. मागणी साधी होती: दोन हजारांच्या आत बसवा, पण वायर लावायचे पोर्ट गिगाबिटच पाहिजेत, म्हणजे हजार एमबीपीएसचे. दुकानदारानं खोका पुढं सरकवला. वर सोनेरी स्टिकर, ‘गिगाबिट १२००’. "बिनधास्त न्या साहेब, अख्खी कॉलनी चालंल यावर." १,६५० रुपये मोजले.

घरी स्पीड ९४ च्या वर जाईना. सकाळी ९४, रात्री बाराला ९४. फायबरवाल्यांना फोन करून दोनदा झापलं. (आता लाज वाटते.) तिसऱ्या दिवशी त्यांचा पोरगा आला. त्यानं वायर थेट लॅपटॉपला लावली तर २९०. मग राउटरची केबल बघितली, कारण गिगाबिटला आतल्या आठही तारा लागतात, शंभरला चारच पुरतात. उरलेल्या चारांतली एखादी तुटली तरी स्पीड शंभरावर येतो. केबल चांगली होती.

"काका, आकडा वरखाली झाला असता तर लाइनीवर संशय घेतला असता. ह्यो ९४ वरच बसलाय, म्हंजे पोर्टच शंभरचा हाय. खोका हाय का?"

खोका दिला. त्यानं नखानं सोनेरी स्टिकर हळूच सोलला. खाली कंपनीनंच बारीक अक्षरात छापलेलं: १ वॅन, ४ लॅन, १०/१००. म्हणजे पोर्टाचा वेग दहा नाहीतर शंभर एमबीपीएस. गिगाबिट असता तर पुढं /१००० असतं. आणि ते १२००? वायफायच्या दोन बँडची, म्हणजे लहरींच्या दोन पट्ट्यांची बेरीज, ३०० अधिक ८६७, वर गोल केलेली, तीही कागदावरची. नेट आत येतं ते वॅन पोर्टातूनच, तोच शंभरचा असल्यावर वायफाय कितीही पळू दे.

दुकानात गेलो तर म्हणाला, "बिल दाखवा." बिलावर ‘राउटर १ नग’, एवढंच. मॉडेल नंबर नाही. "गिगाबिट दिला म्हणून कुठं लिहिलंय?" खरंच कुठंच नव्हतं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार केलीय, पण हातात पुरावा म्हणून सोललेला स्टिकर तेवढा आहे.

दुसरा राउटर मिरजेतून आणला. खोका उलटा करून १०/१००/१००० वाचलं, बिलावर मॉडेल नंबर लिहून घेतला, मगच पैसे काढले. पाचशे जास्त गेले.

परवा मारुती रोडवरून येताना बघितलं, काचेमागं तसलेच चार खोके मांडलेत. स्टिकर नवे, अजून चकाकतायत.