हिरवागार रिपोर्ट आणि ३६ बाजूंचं भोक

५४,२८० रुपये. स्कॅनवरून कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल काढून देतो म्हणणाऱ्या एका पोरानं बुडवलेले. मॉडेलिंगचे ४६,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ८,२८०. निम्मे आगाऊ, निम्मे फाईल आल्यावर, म्हणजे २७,१४० दोनदा, आणि दोन्ही वेळा आपल्याच हातानं पाठवलेले. आकडा आधीच लिहून टाकतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चहाच्या टपरीवर ‘किती गेले?’ याचं उत्तर देऊन तोंड दुखायला लागलंय.

जॉब म्हणजे गुऱ्हाळाच्या चरकाचा जुना गिअरबॉक्स. हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या ओतीव पेटीला, तडा गेलेला, ड्रॉइंग कुणाकडेच नाही. स्कॅनिंग दुसऱ्याकडून झालं, त्यात खोट नाही. स्कॅन म्हणजे त्रिकोणांची जाळी: ४२ लाख त्रिकोण, त्याची बायनरी एसटीएल फाईल २१० एमबी. त्रिकोणाला ५० बाइट, हिशेब जुळतो. आता या जाळीवरून पॅटर्न (वाळूत ठसा उठवायचा नमुना) आणि कोअर बॉक्स (आतल्या पोकळीचा साचा) काढता येईल असं सॉलिड मॉडेल हवं होतं.

सकाळी साडेदहाला एसटीएल गेली, दुपारी सव्वाला स्टेप फाईल (कुठल्याही कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडणारं मॉडेल) हजर. तेव्हा वाटलं, पोरगं कामाला चटपटीत आहे! अहो, असल्या हाउसिंगला हात बसलेल्या माणसालाही दोन-तीन दिवस लागतात.

त्यानं काय केलं ते लाइनमधल्यांना वेगळं सांगायला नको. त्रिकोण ६०,००० वर आणले, जाळी शिवून एका बटणावर सॉलिड केली आणि स्टेपमध्ये सेव्ह केली. फाईल उघडते, फिरते, भरीवही दिसते. पण दर त्रिकोण हा एक स्वतंत्र सपाट फेस. ६३१० नंबरचं बेअरिंग बसायचं ११० मिमीचं बोअर, म्हणजे गोल भोक, इथं ३६ बाजूंचा डबा. कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजलं तर ११०, सपाट बाजूतून बाजूत १०९.५८. एच७ या फिटिंगच्या मापात सगळी मिळून ३५ मायक्रॉनची सूट असते, इथं चार दशांश मिमी गायब. वर्तुळच नाही, मग केंद्र कुठलं आणि अक्ष कुठला? फेसवर मशीनिंगला ३ मिमी एक्स्ट्रा द्यायला गेलं की ऑफसेट (फेस तेवढा सरकवणं) फेल. ‘शेट, यात भोकच नाही,’ असं पॅटर्नवाल्यानं सांगितलं, पण त्याचा दीड दिवस प्रोग्रॅमिंगमध्ये गेल्यावर. त्याचे ४,५०० वेगळे.

खरी जळजळ पुढंच आहे. फाईलबरोबर त्यानं तुलनेचा रंगीत रिपोर्टही पाठवला होता, फरक जास्त तिथं लाल-पिवळं, नसेल तिथं हिरवं. मॉडेल आणि स्कॅन यांच्यातला फरक सगळीकडे ०.०२ मिमीच्या आत, सगळं हिरवंगार. तो बघूनच दुसरे २७,१४० सोडले. तिथंच ओळखायला हवं होतं! वाळूतलं कास्टिंग, अंग खरखरीत, बोअर झिजलेलं, पार्टिंग लाइनला (साच्याचे दोन भाग जुळतात तिथं) पायरी. माणसानं विचार करून काढलेलं स्वच्छ मॉडेल असल्या स्कॅनशी ०.०२ मध्ये जुळूच शकत नाही. झिजल्या जागी लाल दिसणार, ड्राफ्ट (पॅटर्न वाळूतून सुटायला दिलेला उतार) सरळ केला तिथं पिवळं येणार. सगळं हिरवं म्हणजे त्रिकोण कमी केलेल्या त्या जाळीची तुलना तिच्याशीच केलेली. बारकी पोरं उत्तराची वही बघून उत्तरं लिहितात, तसला प्रकार. हे माहीत असूनही हिरवा रंग बघून डोळे निवले, याचीच लाज वाटते.

‘स्टेपच का मागितली, मूळ फाईल का नाही?’ असं विचारणारे आहेत. पॅटर्नवाल्याकडं सॉफ्टवेअर वेगळं आहे, म्हणून. शिरोलीपासून कागलपर्यंत सगळे स्टेपच मागतात, त्यात आमचं काय चुकलं? पण हो, सोबत ज्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल काढलं त्याची मूळ फाईलही मागा. तिच्या फीचर ट्रीमध्ये (मॉडेल कसं काढलं त्याच्या पायऱ्यांच्या यादीत) ‘इम्पोर्टेड’ अशी एकच ओळ दिसली की पैसे रोखा.

स्टेप फाईल नोटपॅडमध्ये उघडते. ‘सिलिंड्रिकल सरफेस’ हे शब्द शोधा, म्हणजे अर्थात इंग्रजीत, मधे अंडरस्कोअर टाकून. भोकं असलेल्या हाउसिंगमध्ये ते एकदाही सापडले नाहीत, तर समजून जा. आमची फाईल ७८ एमबी होती. नीट काढलेलं असं हाउसिंग काही एमबीत बसतं. दुसरी एक जात म्हणजे ऑटो सरफेसिंग: जाळीवर गोधडीसारखे ठिगळ. ते मूर्तीला, हँडलला चालतं, बेअरिंगच्या जागेला नाही. बोअरचं माप स्कॅनवरून घ्यायचंच नसतं, बेअरिंगच्या नंबरावरून घ्यायचं. आणि बीड (ओतीव लोखंड) थंड होताना आकसतं, त्यासाठीचा साधारण १ टक्का वाढीव मॉडेलवाला देणार की पॅटर्नवाला, हे लिहून घ्या, नाहीतर दोनदा पडतो.

आता तक्रारीचं ऐका. ठाण्यात साहेबांनी फाईल उघडून बघितली. ‘उघडते की! मग फसवणूक कसली? दिवाणीत जा.’ त्रिकोण आणि सिलिंडर यांतला फरक सांगायला घेतला, तर ते जेवायला गेले. सायबरवाल्यांचा एकच प्रश्न, ‘ओटीपी दिला का?’ नाही दिला. ‘मग आमच्याकडं कशाला आलात?’ बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक कायद्यात धंद्यासाठी घेतलेली सेवा सहसा बसत नाही. लघुउद्योगांच्या थकबाकीची सरकारी सोय आहे, पण ती माल-सेवा देणाऱ्याचे पैसे अडकले तर. घेणाऱ्याचे बुडाले तर कुणी नाही. चार दारं, सहा अर्ज, झेरॉक्सचे २१० रुपये. वर त्यानं जीएसटी रिटर्नच भरलं नाही, त्यामुळं ८,२८० टू-बीमध्ये (भरलेला जीएसटी परत वळता मिळतो त्या यादीत) आले नाहीत आणि क्रेडिटही गेलं. समोरच्याचा जीएसटी नंबर चालू आहे का हे जीएसटीच्या साइटवर फुकट दिसतं. आम्ही ते बघितलं बिल आल्यावर!

त्याचा फोन आता लागत नाही. मात्र स्टेटसला आमचंच हाउसिंग फिरतंय, कडा लपवून, गुळगुळीत. असला व्हिडिओ कुणी दाखवला तर एवढंच म्हणा, कडा चालू कर आणि भोकाजवळ झूम कर.