इन्सुलिन कुठे ठेवायचं: ऑफिसच्या फ्रिजमध्ये की खोलीतल्या मडक्यात?

फुटपाथ सोडून हक्काच्या खोलीत आलेल्या मधुमेहींसाठी नागपूरच्या मे महिन्यात हा जिवाचा प्रश्न आहे. पारा ४५ अंशांवर जातो. न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्येच, २ ते ८ अंशांत. त्यात वाद नाही. पण रोजची उघडलेली बाटली? फ्रिज या खोल्यांची व्यवस्था पाहणाऱ्यांच्या कुलूपबंद ऑफिसात असला, तर सकाळी चावीवाल्याची वाट पाहण्यात डोस आणि जेवणाची वेळ चुकते. मडक्यात मडकं, मधे ओली वाळू, आत डबीत बाटली: विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात हे छान गार राहतं. वाळू रोज भिजवायची, बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायची, साधारण ४ आठवड्यांनी ती टाकायची. मी मडक्याच्या बाजूने. आपलं औषध माणसाच्या हाताशी हवं. पावसाळ्याच्या दमट हवेत मात्र मडकं तेवढं गार होत नाही. तेव्हा फ्रिज बरा.