साइज तीच, टायर दुसराच: कॅम्पर व्हॅनवाल्यांची फसवणूक कशी होते

कॅम्पर व्हॅनच्या टायरमध्ये जी फसवणूक सर्रास चालते, तिच्यात खोटं असं काही बोललंच जात नाही. गिऱ्हाईक जुन्या टायरवरचा आकडा वाचतं, २१५/७५ आर १५. दुकानदार त्याच आकड्याचा नवा कोरा टायर काढून देतो. ब्रँड नावाजलेला, भाव दुसऱ्या दुकानापेक्षा बराच कमी. टायर चढतात, बॅलन्सिंग होतं, हवा भरली जाते. गाडी पूर्वीपेक्षा मऊ चालते म्हणून मालक खूश होऊन जातो. घोटाळा नेमका या मऊपणात आहे.

२१५/७५ आर १५ हा आकडा फक्त माप सांगतो: रुंदी २१५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ७५ टक्के, बांधणी रेडियल, डिस्क १५ इंची. टायर किती ओझं पेलणार, हे त्यात कुठेच नाही. याच मापाचा टायर बोलेरोला लागतो आणि फोर्स कंपनीच्या ट्रॅव्हलर व्हॅनच्या अनेक मॉडेलांनाही लागतो. पहिला प्रवासी गाडीचा, दुसरा एलटी, म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा. शेजारी ठेवले तर उंची-रुंदीत फरक दिसणार नाही. आतली बांधणी मात्र वेगळी असते. प्रवासी टायरचा भारांक, म्हणजे पेलण्याच्या क्षमतेचा सांकेतिक आकडा, बहुधा १०० असतो, म्हणजे एका टायरवर ८०० किलो. ८ प्लायच्या (प्लाय म्हणजे टायरच्या बांधणीच्या मजबुतीचा आकडा) एलटी टायरवर १०६/१०३ छापलेलं असतं. चाक एकेरी असेल तर ९५० किलो, जोडचाक (एका बाजूला दोन टायर) असेल तर प्रत्येकी ८७५ किलो. त्यातही प्रवासी टायर व्हॅनला लावायचाच झाला, तर त्याची क्षमता १.१ ने भागून धरावी, असं अमेरिकी मानक सांगतं. म्हणजे ८०० चे उरले सुमारे ७२७.

दुकानदाराचा युक्तिवाद ठरलेला असतो: 'साहेब, तुम्ही कुठे माल वाहताय? चार माणसं आणि दोन गाद्या.' ऐकायला पटतं, पण कॅम्परचं ओझं गादीत नसतं. १०० लिटरची पाण्याची टाकी भरली की नुसतं पाणीच १०० किलो. १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी ५०-६० किलोची, घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास. त्यावर प्लायवूडचं फर्निचर, फ्रिज, छतावरचा एसी, कॅनपी. माणसं उतरतात, माल उतरतो. हे वजन बारा महिने गाडीवरच असतं. शिवाय ते सारखं वाटलेलं नसतं. ओटा, टाकी आणि फ्रिज एकाच बाजूला बांधले की त्या बाजूचा मागचा टायर कायम जास्त दबलेला राहतो.

म्हणून टायर घेण्याआधी वजनकाट्यावर जा. पाणी, गॅस, डिझेल, सामान आणि माणसं, सगळं भरून. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. काटेवाल्याची तयारी असेल आणि काट्याच्या कडेची जमीन समतल असेल, तर एका बाजूची चाकं बाहेर ठेवून डावं-उजवंही काढा. समजा मागच्या धुरेवर (ॲक्सलवर) १,६२० किलो भरले आणि त्यातले ८७० डावीकडे, ७५० उजवीकडे. धुरेची मर्यादा बहुधा ओलांडलेली नसते, आरसी बुकात सगळं ठीक दिसतं. तरीही ८०० किलोचा प्रवासी टायर डावीकडे पहिल्या दिवसापासून ओव्हरलोड आहे. काट्याच्या पावतीला थोडे पैसे जातात, पण टायरवाल्यासमोर ठेवायला तिच्याइतका भक्कम कागद नाही.

दुकानात मापाच्या पुढचे आकडे मोठ्याने वाचून घ्या. भारांक आणि त्यामागचं वेगाचं अक्षर (क्यू म्हणजे ताशी १६०, आर म्हणजे १७० किलोमीटर), मग 'एलटी' किंवा 'सी' (व्यापारी वाहनाचा टायर) हे अक्षर, मग प्लाय रेटिंग. एक खूण मात्र फार कमी लोक बघतात: आयएसआयचा शिक्का. प्रवासी गाड्यांच्या टायरवर आयएस १५६३३ असतं, व्यापारी वाहनांच्या टायरवर आयएस १५६३६. दुकानदार 'हेच व्हॅनला चालतं' म्हणत असेल तर या आकड्यावर बोट ठेवा, वाद तिथेच मिटतो. शिक्क्याजवळचा सीएम/एल क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकला की परवाना खरा की खोटा तेही कळतं.

आता हवा. फसवणुकीचा हा दुसरा अर्धा भाग आहे आणि योग्य टायर घेतलेलेही यात सापडतात. प्रवासी टायर चढवल्यावर फिटर ३५-४० पीएसआय भरतो, कारण त्या टायरच्या कडेवर कमाल दाब बहुधा ४४ किंवा ५१ लिहिलेला असतो. तुम्ही ६० मागितलात तर तो 'फुटेल' म्हणतो, आणि त्या टायरपुरतं ते खरंच आहे. पण हेच ४० पीएसआय ८ प्लायच्या एलटी टायरमध्ये भरले तर? तो टायर ९५० किलो पेलतो ते ६५ पीएसआयला. ४० ला त्याची ताकद जेमतेम ६४५ किलो उरते. पैसे ९५० चे मोजले, मिळाले ६४५.

हिशेब असा: चाकावरचं खरं वजन भागिले टायरची कमाल क्षमता, त्या उत्तराचा १.२५ वा घात, गुणिले कमाल क्षमतेचा दाब. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की घाताचं बटण दिसतं. वरच्या उदाहरणात ८७० भागिले ९५० म्हणजे ०.९१६, त्याचा घात ०.८९६, गुणिले ६५ म्हणजे ५८ पीएसआय. पुढच्या जड चाकावर ६६० किलो असतील तर ४१. नेहमी जड बाजूचा आकडा धरायचा आणि धुरेच्या दोन्ही चाकांत तेवढीच हवा ठेवायची. वर दोन-तीन पीएसआय राखून मागे ६०, पुढे ४४. टायर कंपनीचा भार-दाब तक्ता मिळाला तर तोच प्रमाण माना आणि दरवाजावरच्या पट्टीवर गाडीच्या कंपनीने छापलेल्या दाबापेक्षा खाली जाऊ नका. कडेवरचा कमाल दाब चारही चाकांत ठोकून भरणं हाही उपाय नाही. पुढची हलकी चाकं उडतात, ब्रेक लागताना पकड कमी होते, नक्षी मधूनच झिजते.

कमी हवेने टायर फुटतो कसा, हे समजून घेतलं तर ३५ पीएसआयचा आग्रह कोणी मान्य करणार नाही. प्रत्येक फेऱ्यात टायरची कड दबते आणि सुटते, त्यातून उष्णता तयार होते. मे महिन्यात समृद्धीसारख्या रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने गाडी धावली की ती उष्णता बाहेर पडायला वेळ मिळत नाही. आतले थर एकमेकांपासून सुटायला लागतात. बाहेरून काही दिसत नाही. नक्षी नवीकोरी असते आणि मागचा टायर फाटतो.

हवा गार टायरमध्येच मोजा, स्वतःच्या गेजने, गाडी तीन तास उभी राहिल्यावर. तापमान १० अंशांनी वाढलं की ६० पीएसआयचा टायर अडीच पीएसआयच्या आसपास वर जातो. घाट चढून आल्यावर ६७-६८ दिसले म्हणून हवा सोडू नका. पंपावरचा पोऱ्या सोडायला सांगेल, ऐकायचं नाही. नायट्रोजनवर वेगळे पैसे घालवण्यासारखं काही नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

व्हॉल्व्हही बघा. साध्या रबरी व्हॉल्व्हची मर्यादा ६५ पीएसआय गार दाबाची असते. त्याच्या जवळ हवा ठेवायची असेल तर धातूचा, बोल्टने आवळायचा व्हॉल्व्ह मागा. युरोपात फियाट डुकाटोसारख्या कॅम्परवर 'सीपी' शिक्क्याचे, म्हणजे खास कॅम्परसाठी बनवलेले टायर असतात आणि मागे ५.५ बार, म्हणजे ८० पीएसआय भरतात. तिथे रबरी व्हॉल्व्ह चालतच नाही. तिकडे राहणाऱ्यांनी वापरलेली कॅम्पर घेताना सीपीच्या जागी स्वस्तातला साधा टायर तर नाही ना, हे आधी वाचावं.

'रुंद टायर टाका, गाडी रस्त्यावर घट्ट बसेल' हीही एक विक्री. २३५/७५ आर १५ चा व्यास साडेचार टक्क्यांच्या आत-बाहेर वाढतो, स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ च्या वर असते. त्याला किमान ६ इंच रुंद डिस्क लागते. तुमच्या डिस्कवर साडेपाच कोरलेलं असेल तर तिथेच थांबा.

आणि जुना माल. कॅम्पर कमी धावते, नक्षी झिजत नाही, म्हणून मालक तारीख बघत नाहीत. दुकानदाराला हे ठाऊक असतं. टायरच्या कडेवर 'DOT' अक्षरांनी सुरू होणारा डीओटी कोड असतो, त्याच्या शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, ती बाजू आत टाकून चढवली की तारीख दिसतच नाही. आकडे घासलेले असतील तर टायर हातात घेऊ नका. कॅम्परसाठी वर्षाहून जुना टायर पूर्ण भावात घेण्याचं कारण नाही.

हे सगळं टायर डिस्कवर चढण्याआधी करायचं, कारण चढलेला टायर परत घेत नाहीत. बिलावर माप, भारांक, प्लाय आणि प्रत्येक टायरचा अनुक्रमांक लिहून घ्या. 'बिल नको, २८ टक्के वाचतील' असं कोणी म्हणालं तर सांगा की २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवर जीएसटी १८ टक्के आहे. बिल नसेल तर वॉरंटीही नाही.

फसवणूक आधीच झाली असेल तर टायर काढू नका. चारही टायरच्या दोन्ही कडांचे फोटो, बिल, काट्याची पावती आणि दरवाजावरच्या पट्टीचा फोटो एकत्र ठेवा. दुकानदाराला लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर नव्हे, पोहोच मिळेल असं. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची. तोवर गाडी चालवावीच लागली तर पाण्याची टाकी रिकामी, छतावरचं सामान खाली आणि वेग ६० च्या आत.