योगसूत्रे आणि ध्यान: पुण्यातील एका बारा आठवड्यांच्या वर्गाचे परीक्षण

जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होऊन ऑगस्टच्या अखेरीस संपलेल्या एका सायंवर्गाविषयी हे लिहीत आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसहा ते आठ, एकूण २४ सत्रे, शुल्क ४,५०० रुपये आणि विषय पातंजल योगसूत्रांच्या आधारे चित्ताला स्वस्थता आणणे, असे त्याचे स्वरूप होते. वर्ग पुण्यात, नदीपात्रापासून जवळच एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर भरतो. संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण काही उणिवांविषयी मी व्यवस्थापनाला लेखी कळवले आहे आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत नाव जाहीर करणे मला रास्त वाटत नाही. मात्र असे वर्ग गावोगावी चालतात आणि त्यांत काय पाहावे, काय टाळावे, हे ठरवण्यास एका वर्गाचा सविस्तर अनुभव उपयोगी पडू शकतो.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. मी बँकेतून निवृत्त झालो असून ६४ सदनिकांच्या आमच्या गृहनिर्माण संस्थेचा गेली चार वर्षे चिटणीस आहे. आसने मी बऱ्याच वर्षांपासून करतो आणि शरीराची फारशी तक्रार नाही. परंतु पाण्याचा टँकर, वाहनतळाच्या जागा आणि थकलेली देखभाल-वर्गणी यांवरून दिवसभर जे बोलणे होते, ते रात्री अंथरुणावर पडल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असे. आसनांनी त्यात काही फरक पडला नव्हता, म्हणून या वर्गाला नाव घातले.

पहिली आश्चर्याची गोष्ट अशी की, पहिले दोन आठवडे आम्हाला डोळे मिटायलाच सांगितले नाही. सूत्रे शिकवणाऱ्या बाई निवृत्त संस्कृत-अध्यापिका आहेत आणि त्यांची शिकवण्याची रीत शाळेतली, म्हणजे फळा, खडू आणि गृहपाठ. ‘योगश्चित्तवृत्तिनिरोधः’, म्हणजे चित्तात उठणाऱ्या वृत्तींना आवर घालणे हाच योग, हे दुसरे सूत्र त्यांनी फळ्यावर लिहिले आणि पुढची तीन सत्रे ‘वृत्ती’ याच शब्दावर घालवली. प्रमाण (खरे ज्ञान), विपर्यय (चुकीचे ज्ञान), विकल्प (नुसत्या शब्दांवर रचलेली कल्पना), निद्रा आणि स्मृती या पाच वृत्ती पाठ करून घेण्यावर त्या थांबल्या नाहीत. रोज रात्री एका वहीत त्या दिवशी मन केव्हा बिघडले, कशामुळे बिघडले आणि ती कोणती वृत्ती होती, हे एका ओळीत लिहून आणायचे, असा त्यांचा गृहपाठ होता. दोन आठवड्यांत माझ्या वहीत ३१ नोंदी झाल्या आणि त्यांपैकी १९ मोबाइलवरील संदेशांशी संबंधित होत्या. त्याहून उद्बोधक हे होते की, त्यांतल्या निम्म्याहून अधिक नोंदींपुढे मला ‘विकल्प’ असे लिहावे लागले. कारण प्रत्यक्षात कोणी काही बोललेच नव्हते, एका सभासदाच्या ‘बघू’ या एका शब्दावरून संपूर्ण भांडण, त्यातील दोन्ही बाजूंच्या संवादांसह, मी मनातल्या मनात रचले होते. सूत्रकार विकल्पाला ‘वस्तुशून्य’, म्हणजे ज्याच्यामागे प्रत्यक्षात काहीच नाही असा, म्हणतात, ही व्याख्या इतकी नेमकी आपल्याच वहीत सापडेल असे वाटले नव्हते.

निद्रा हीदेखील एक वृत्तीच आहे, हे ऐकून वर्गातील अनेकजण चपापले, आणि त्याला कारणही होते. मी यापूर्वी ज्या ज्या ध्यानाच्या कार्यक्रमांना गेलो, तेथे मंद दिवे आणि बासरी यांच्या साहाय्याने उपस्थितांना गुंगी आणली जाते आणि शेवटी तिलाच शांती म्हटले जाते. येथे प्रात्यक्षिक घेणारे तरुण प्रशिक्षक पेंगणाऱ्याला सरळ उठवून तोंड धुऊन यायला सांगत. झोप हवी असेल तर ती घरी घ्यावी, तिच्यासाठी शुल्क भरू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

बाराव्या सूत्रात निरोधाचे दोन उपाय सांगितले आहेत, अभ्यास आणि वैराग्य. यांपैकी ‘वैराग्य’ या शब्दाने आपल्याकडे नाहक धसका घेतला जातो, कारण डोळ्यांपुढे भगवी वस्त्रे उभी राहतात. बाईंनी या सूत्रावरील व्यासभाष्यातील, म्हणजे योगसूत्रांवरील प्राचीन टीकेतील, दाखला दिला की, चित्त ही दोन्ही बाजूंना वाहणारी नदी आहे, कल्याणाकडेही आणि पापाकडेही. वैराग्याने विषयांकडे जाणारा प्रवाह अडवायचा आणि विवेकाच्या अभ्यासाने दुसरा प्रवाह मोकळा करायचा. त्यावर बारामतीकडचे एक बागायतदार, जे मुलाकडे राहायला आले असताना वर्गाला येत होते, चटकन म्हणाले, “म्हणजे दारं धरायची.” ज्यांनी रात्री उसाला पाणी पाजण्यासाठी एका सरीचे दार मोडून दुसऱ्या सरीचे बांधले आहे, त्यांना या सूत्रावर भाष्याची गरज नाही. पाणी आटवायचे नसते, वळवायचे असते, आणि एकीकडचे दार बांधल्याखेरीज दुसरीकडे पाणी चढत नाही. बाईंनी पुढचे दहा आठवडे हाच दाखला वापरला.

प्रात्यक्षिकाचा भाग तिसऱ्या आठवड्यापासून सुरू झाला. ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे स्थिर आणि सुखकर ते आसन, या सूत्राचा येथे शब्दशः अर्थ घेतला जातो. पद्मासनाचा आग्रह नाही. घोंगडीची घडी बैठकीखाली घेऊन गुडघे कंबरेपेक्षा खाली राहतील असे बसावे आणि ते जमत नसेल तर खुर्ची घ्यावी. त्यानंतर श्वास. ‘प्रच्छर्दनविधारणाभ्यां वा प्राणस्य’ या सूत्रातील पहिला भाग, म्हणजे श्वास सावकाश बाहेर सोडणे, एवढाच आम्हाला शिकवला गेला; चार अंकांत श्वास आत आणि सहा अंकांत बाहेर. श्वास रोखून धरण्याचा भाग रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी स्वतःच्या मनाने करू नये, असे स्पष्ट सांगून तो वगळला गेला. प्रशिक्षकांनी मनगटावर बोटे ठेवून नाडी पाहायला लावली, तेव्हा श्वास घेताना ती किंचित जलद आणि सोडताना किंचित मंद होते हे आमच्यापैकी बहुतेकांना स्वतःच जाणवले. रेचक, म्हणजे बाहेर सोडायचा श्वास, लांबवला की मन का निवते, याचे हे कारण पाच मिनिटांत पटले.

बसण्याचा वेळ पाच मिनिटांपासून वाढवत शेवटच्या आठवड्यात वीस मिनिटांवर नेला गेला. चित्त कोठे लावायचे याबाबत पतंजली ‘यथाभिमतध्यानाद्वा’ (किंवा आपल्याला रुचेल त्याच्या ध्यानाने) असे म्हणून पुष्कळ मोकळीक देतात, त्यानुसार कोणी नामस्मरण घेतले, कोणी श्वास, एका आजींनी आळंदीचे मंदिर डोळ्यांपुढे आणले. धारणा आणि ध्यान यांतील भेदही प्रामाणिकपणे सांगितला गेला. एका ठिकाणी चित्त पुनःपुन्हा आणून बांधणे ही धारणा, आणि तेलाच्या धारेप्रमाणे त्यात खंड पडेनासा होणे हे ध्यान. तेव्हा आपण या हॉलमध्ये करतो ती फार तर धारणा आहे आणि माहितीपत्रकावर ‘ध्यानवर्ग’ छापणे ही थोडी अतिशयोक्तीच आहे, असे बाई म्हणाल्या. स्वतःच्याच संस्थेच्या माहितीपत्रकाबद्दल असे बोलणारी व्यक्ती मला तरी विश्वासार्ह वाटते.

माझ्या दृष्टीने या वर्गाचे खरे मोल मात्र सहाव्या ते आठव्या आठवड्यात आहे, आणि ते डोळे मिटून बसण्यात नाही. समाधिपादातील, म्हणजे योगसूत्रांच्या पहिल्या भागातील, तेहतिसावे सूत्र असे आहे: ‘मैत्रीकरुणामुदितोपेक्षाणां सुखदुःखपुण्यापुण्यविषयाणां भावनातश्चित्तप्रसादनम्’. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, सत्कर्म करणाऱ्याविषयी मुदिता, म्हणजे आनंद, आणि दुष्कर्म करणाऱ्याविषयी उपेक्षा ठेवली असता चित्त प्रसन्न होते. बाईंनी या एका सूत्राला सहा सत्रे दिली आणि प्रत्येक आठवड्याला घरी करून पाहण्यासाठी एकेक माणूस निवडायला सांगितले. त्या माणसाचे नाव वर्गात सांगायचे नाही, वहीत लिहायचे.

दुःखी माणसाविषयी करुणा वाटणे तुलनेने सोपे असते. सुखी माणसाविषयी मैत्री वाटणे त्याहून अवघड, कारण ज्याने नवी मोटार घेतली त्याच्या वाहनतळाच्या जागेचा प्रश्न आपल्याला एकाएकी नियमांचा वाटू लागतो. पण सर्वांत जड गेली ती मुदिता. आमच्याच इमारतीत एक गृहस्थ कोणी न सांगता रोज सकाळी गच्चीवरच्या टाक्यांची पातळी पाहून येतात. आणि गेली चार वर्षे त्यांच्याविषयी माझ्या मनात कौतुकाऐवजी ‘यांना पुढच्या निवडणुकीत उभे राहायचे असणार’ हीच शंका होती, हे वहीत लिहिताना माझीच मला लाज वाटली.

उपेक्षेवर वर्गात मोठा वाद झाला आणि तो वाद हेच या वर्गातील सर्वोत्तम सत्र होते, असे माझे मत आहे. मी विचारले की, चौदा महिने वर्गणी न भरणाऱ्या सभासदाची चिटणिसाने उपेक्षा केली तर संस्था कशी चालावी? बाईंचे उत्तर असे होते की, उपेक्षा ही चित्तात ठेवायची गोष्ट आहे, कागदावर नव्हे. नोटीस वेळेवर आणि नियमाप्रमाणे गेलीच पाहिजे; मात्र ती पोस्टात टाकल्यानंतर त्या माणसाला घरी आणायचे नाही, जेवताना त्याला ताटासमोर बसवायचे नाही आणि रात्री त्याच्याशी वाद घालायचा नाही. काही जणांना हे उत्तर शब्दच्छल वाटले. मी ते करून पाहिले. नोटीस पाठवली, पहिल्या रात्री तो गृहस्थ नेहमीप्रमाणे अंथरुणापाशी आलाच, दुसऱ्या रात्रीही आला, पण तो आल्याचे मला लवकर कळू लागले आणि रेचक मोजत मी त्याला तसाच उभा ठेवू शकलो. वर्गणी आजही थकलेली आहे. झोप मात्र सुधारली आहे, आणि अर्ध्या रात्री उठून हिशेबाच्या फायली काढणे बंद झाल्याची साक्ष आमच्या सौभाग्यवती देतील.

जुलै लागताच आणखी एक परीक्षा सुरू झाली. पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की, गणेशोत्सवाआधीचे कित्येक आठवडे ढोलताशा पथकांचे सराव संध्याकाळी नदीकाठी चालतात आणि त्यांची वेळ नेमकी आमच्या वर्गाची वेळ होती. वीस-पंचवीस ढोल एकदम वाजू लागले की तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांची तावदाने थरथरत. प्रशिक्षकांनी ठोक्यालाच आलंबन, म्हणजे चित्त टेकवण्याचा आधार, करा, ठोका कोठे विरतो ते पाहा, असे सुचवले. ज्यांचा सराव मुरलेला होता त्यांना ते साधले आणि मलाही दोन संध्याकाळी बऱ्यापैकी साधले. पण नवख्यांच्या दृष्टीने ती चार-पाच सत्रे वाया गेली, हे मान्य केले पाहिजे. पथके दरवर्षी त्याच काळात तेथेच असतात, हे संस्थेला ठाऊक असणारच. तेव्हा पावसाळी वर्ग सकाळी ठेवणे मुळीच अशक्य नव्हते.

इतर उणिवा याहून गंभीर आहेत. प्रवेश-अर्जात वय, पत्ता आणि शुल्क भरण्याची पद्धत यांपलीकडे काहीही विचारलेले नाही. नैराश्य किंवा तीव्र चिंता यांसाठी उपचार घेत असलेल्या माणसाला एकांतात स्वतःच्या विचारांपुढे बसवले असता त्रास वाढू शकतो. अशा व्यक्तीने डॉक्टरांना विचारून यावे, हे एक वाक्य अर्जात असायलाच हवे होते. आमच्या तुकडीतील एक तरुणी पाचव्या आठवड्यात बसल्याजागी रडू लागली, तेव्हा प्रशिक्षकांनी समजूतदारपणे तिला बाहेर नेले, परंतु त्यापुढे काय करायचे याची संस्थेची काहीच व्यवस्था नव्हती. दुसरी उणीव जाहिरातीची. जिन्यातच ‘सात दिवसांत ताणमुक्ती’ असा फलक आहे आणि वर, वर्गात, अभ्यास हा दीर्घकाळ, अखंड आणि आदरपूर्वक केला तरच दृढ होतो, हे चौदावे सूत्र शिकवले जाते. शेवटच्या सत्रात अर्धा तास ‘प्रगत स्तरा’ची माहिती देण्यात गेला, ज्याचे शुल्क १८,००० रुपये आहे, तो अर्धा तास आमच्या वेळेतून घेतला होता. छापील टिपणांत संस्कृतच्या इतक्या चुका आहेत की बाईंना दर वेळी पहिली पाच मिनिटे दुरुस्तीत घालवावी लागत.

सूत्रांत चित्तविक्षेपाची, म्हणजे मन विचलित होण्याची, नऊ कारणे दिली आहेत आणि त्यांतील शेवटचे ‘अनवस्थितत्व’, म्हणजे गाठलेल्या पायरीवर टिकता न येणे. वर्ग संपून आता सात आठवडे झाले असून मी आठवड्यातून चार दिवस बसतो, सातही दिवस नाही. वहीतल्या नोंदी मात्र रोज होतात. ज्यांना केवळ शरीर सैल सोडून अर्धा तास विसावा हवा आहे, त्यांना हा वर्ग शाळेसारखा आणि कोरडा वाटेल. ज्यांना संस्कृतची भीती वाटते त्यांनी ती बाळगू नये, कारण प्रत्येक सूत्र पदे सोडवून, अन्वय लावून मराठीत समजावले जाते. बाई शिकवणार असतील तर ४,५०० रुपये मला वाजवी वाटतात. त्यांच्या जागी दुसरे कोणी असेल तर एक सत्र बसून पाहू द्या, असे सांगावे, ते देतात. इमारतीला उद्वाहक नाही आणि खुर्च्या फक्त सहा आहेत, त्यामुळे गुडघे दुखत असल्यास सव्वासहालाच पोहोचावे आणि घोंगडी घरूनच आणावी.