कुर्ल्याचं माशांचं दुकान: मासे ठणठणीत, नावं बेभरवशाची

तीन तारे. मासे चांगले म्हणून तीन, नाहीतर एकावरच थांबले असते.

जूनमध्ये इथून 'ऑरेंज क्रोमाइड'ची 6 पिल्लं घेतली, 60 रुपयाला एक. आपल्याकडचाच सिक्लिड कुळातला मासा, दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला, जेमतेम 8 सेंटिमीटरचा; माझ्या तीन फुटी टाकीत मावणारा. सगळी नखाएवढी, राखाडी. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, मोठे झाले की पिवळे होतील."

चार झाले. अंगावर लालसर ठिपक्यांच्या ओळी, कुशीत मधोमध काळा डाग, अगदी जसं हवं तसं. उरलेले दोन मात्र हिरवट करडेच. उभे पट्टे, खवल्यांवर मोत्यांसारखे ठिपके, काळा डाग छातीच्या पराच्या मुळाशी. मला वाटलं रोग आहे, म्हणून खडेमीठ घालत बसले. मुळात खाडीतला मासा तो, मिठाने आणखीच फोफावला! दिवाळीला सासूबाई पेडण्याहून आल्या, काचेशी वाकल्या आणि म्हणाल्या, "अगो, ही तर कालुंदर. तळायला आणलीस?"

झालं. शास्त्रीय नाव एट्रोप्लस सुराटेन्सिस, केरळातलं करिमीन. 20 सेंटिमीटर सहज होतं.

फोटो घेऊन दुकानात गेले. मालक म्हणाले, "होलसेलवाला पिशवीवर जे लिहितो तेच आम्ही टाकीवर लावतो." उत्तर प्रामाणिक, मग नाव एवढ्या ठसठशीत अक्षरांत कशाला रंगवायचं? दोन्ही मासे परत घेतले, पैसे मात्र नाहीत. बदल्यात ॲमेझॉन स्वोर्डची दोन रोपं दिली, ती जोमात आहेत.

गोंधळ अगदीच अनाकलनीय नाही म्हणा. ऑरेंज क्रोमाइड आणि कालुंदर एकाच खाडीत राहतात. छोटा क्रोमाइड मोठ्या कालुंदरच्या अंगावरचे परजीवी टिपतो आणि संधी मिळाली की त्याचीच अंडीही खातो, असा शेजार! पिल्लं एकत्र मिसळत असणार. पण विकणाऱ्याने एकदा छातीच्या पराकडे बघायला काय हरकत होती?

बाकी टाक्या स्वच्छ, पिशवीत ऑक्सिजन भरून देतात, डोंबिवलीपर्यंत लोकलच्या गर्दीतूनही एक मासा दगावला नाही. रविवारी जाऊ नका, काउंटरपर्यंत पोहोचता येत नाही. आणि पिल्लं घेऊ नका. रंग आलेले मासे मागा, 20-30 रुपये जास्त पडले तरी.