ग्रामपंचायत ऑफिस, मृत्यू दाखला – भाऊसाहेब एक आणि गावं दोन

5 पैकी 2 स्टार, आणि ते दोन पण फक्त भाऊसाहेबांच्या, म्हणजे आमच्या ग्रामसेवकांच्या, स्वभावासाठी. माणूस खरंच चांगलाय, फोन उचलतात, कधी एक रुपया जास्तीचा मागितला नाही. पण त्यांच्याकडे आमच्या गावासोबत शेजारच्या गावाचा पण अतिरिक्त कार्यभार आहे, वर्ष होऊन गेलं, त्यामुळे आमच्या वाट्याला मंगळवार आणि गुरुवार, त्यात पंचायत समितीत मीटिंग लागली की तो दिवस पण गेला.

आईचा मृत्यू दाखला काढायचा होता. ऑपरेटर ताई अर्ज भरून घेते, पण सही भाऊसाहेबांचीच लागते. चौथ्या चकरेला भेटले. टेबलावर एकच पिशवी, त्यात दोन्ही गावांचे शिक्के, दारात दहा-बारा माणसं उभी, आणि त्या घाईत दाखल्यावर शिक्का बसला शेजारच्या गावाचा. माझ्याही लक्षात आलं नाही, बँकेतल्या मॅडमनी बोट ठेवून दाखवलं तेव्हा कळलं. आईची सगळी हयात या गावात गेली आणि कागदावर गाव दुसरंच, फार लागलं मनाला. परत पुढच्या मंगळवारपर्यंत थांबा.

मला एकच कळत नाही, आमदार असताना खासदार म्हणून निवडून आला तर 14 दिवसांत आमदारकी सोडावी लागते नाहीतर खासदारकी जाते, हा नियम 1950 पासून आहे, म्हणजे एका माणसानं दोन जागा अडवायच्या नाहीत हे तेव्हाच ठरलं ना? कुणी म्हणेल राज्यपालांना दोन राज्यं देता येतात, 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीनंतर, बरोबर आहे, पण त्यांच्यासाठी दोन्हीकडे अख्खी यंत्रणा राबते, इथे सहीला एकच हात. रजेपुरता चार्ज दिला तर समजू शकतो, पद रिकामं ठेवून वर्षभर चालवणं बरोबर नाही.

2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं, पण ते या बिचाऱ्या माणसाच्याच नावानं जाणार, म्हणून केलं नाही. दुसरं पद भरा असा अर्ज मात्र पंचायत समितीत दिलाय.

जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा, आणि दाखला हातात आला की तिथेच उभं राहून शिक्क्यावरचं गावाचं नाव वाचा.